बुचापासून बर्फापर्यंत

लसीची व्हायल हातात घेतली की आधी दिसते ती रंगीत प्लॅस्टिकची टोपी. अंगठ्याने वर ढकलली की 'टक' करून उडते. खाली ॲल्युमिनियमचं कडं, कड्याच्या मधोमध राखाडी रबराचा रुपयाहून लहान गोल, आणि त्याखाली काच. दहा डोसांची व्हायल असेल तर आत जेमतेम ५ मिली औषध. त्याआधी कारखान्यात महिनोन् महिने गेलेले असतात, पेशी वाढवणं, गाळणं, शुद्ध करणं, तपासणं. पण लस टोचली जाते तेव्हा ती कशी असेल हे पुष्कळसं या चार फुटकळ वस्तूंवर ठरतं: काच, रबर, ॲल्युमिनियम, प्लॅस्टिक. शिवाय त्यांच्याभोवतीचा पुठ्ठा आणि बर्फ.

जैविक औषधांचं वेष्टण म्हणजे औषधावरचे कपडे नव्हेत. क्रोसिनच्या गोळीची पट्टी बदलली तर गोळीला फारसा फरक पडत नाही. लस, इन्शुलिन, कॅन्सरवरची अँटिबॉडी यांचं तसं नसतं. ही प्रथिनं असतात, किंवा जिवंत पण दुबळे केलेले जंतू. ती काचेला चिकटतात, रबरातून झिरपणाऱ्या रसायनाने बिघडतात, हलवल्याने गुठळतात, गोठल्याने मोडतात. त्यामुळे बाटली हा औषधाचाच एक घटक धरावा लागतो.

हे शिकायला माणसं मरावी लागली, आणि त्यातली एक गोष्ट मुंबईतल्या परळशी जोडलेली आहे. परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये, वाल्देमार हाफकिन यांची प्लेगची लस बाटल्यांत भरली जायची आणि तिथून देशभर जायची. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना ही लस टोचली. त्यांतले १९ जण धनुर्वाताने गेले. सगळे एकाच बाटलीतले, क्रमांक ५३-एन. चौकशीचं बोट आधी परळकडे वळलं, हाफकिन यांना बाजूला व्हावं लागलं. मग बारकाईने पाहिल्यावर कळलं की गावात ती बाटली उघडताना बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता, आणि नीट निर्जंतुक न करताच तो पुन्हा वापरला गेला. धनुर्वाताचे बीजाणू मातीतच असतात. १९०७ साली मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी जाहीरपणे हाफकिन यांची बाजू घेतली, तेव्हा कुठे त्यांच्यावरचा डाग धुतला गेला.

ही हकीगत बहुतेक वेळा एका थोर माणसावरच्या अन्यायाची म्हणून सांगितली जाते. ती आहेच. पण वेष्टणाच्या अंगाने पाहिली तर दोष त्या बुचाच्या पद्धतीत होता. प्रत्येक वेळी बूच ओढून काढायचं म्हणजे प्रत्येक वेळी बाटलीचं तोंड उघडं पडणार. आज आपण बूच काढतच नाही, सुई त्याच्यातून आरपार घालतो. रबर स्वतःच मिटतं. हा बदल छोटा दिसतो, पण एका बाटलीतून दहा मुलांना टोचण्याची सगळी हिंमत त्यावरच उभी आहे.

अर्थात एवढ्यानेही भागलं नाही. ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्ग गावात जानेवारी १९२८ मध्ये घटसर्पाची लस रबरी टोपणाच्या बाटलीतून २१ मुलांना दिली, १२ दगावली. बूच व्यवस्थित होतं. पण लसीत जंतूंना रोखणारं काही घातलेलं नव्हतं, आणि सुईबरोबर एकदा आत गेलेले स्टॅफिलोकॉकस जंतू आरामात वाढले. तेव्हापासून अनेक डोसांच्या बाटलीत संरक्षक द्रव्य हवं हा धडा पक्का झाला. पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस), हिपॅटायटिस बी, टीडी (धनुर्वात आणि घटसर्पाची) यांत ते असतं, म्हणून उघडलेली व्हायल आपल्याकडे २८ दिवस चालते, अर्थात ती थंड राहिली असेल आणि बुचाला पाणी लागलं नसेल तर. बीसीजी (क्षयाची), गोवर-रुबेला, जेई (जपानी मेंदूज्वराची) यांत ते घालता येत नाही, कारण जंतूंना मारणारं द्रव्य लसीतल्या जिवंत जंतूंनाही मारील. म्हणून त्या एकदा पाणी घालून मिसळल्या की चार तासांत संपवायच्या, उरल्या तर टाकून द्यायच्या. हे टाकणं बघवत नाही हे खरं. पण इथे काटकसर करू नये.

बुचाकडे परत येऊ, कारण या सगळ्यात सर्वांत कमी कौतुक त्याच्या वाट्याला येतं. रबर असतं ब्रोमोब्युटिल किंवा क्लोरोब्युटिल, हवा आणि ओलावा फार कमी जाऊ देणारं. त्याची परीक्षा साधी आणि कडक असते. भरलेल्या दहा व्हायल घ्यायच्या, प्रत्येकीच्या बुचात दहा वेळा सुई खुपसायची, मग त्या मेथिलीन ब्लूच्या निळ्या पाण्यात उभ्या बुडवून दहा मिनिटं बाहेरचा दाब कमी करायचा, नंतर अर्धा तास नेहमीच्या दाबात ठेवायच्या. एकाही व्हायलमध्ये निळ्याचा अंश दिसता कामा नये. दुसरी परीक्षा तुकड्यांची: सुईच्या टोकाने रबराचा बारीक कण कापला जाऊन आत पडतो का? कारखान्यात पास झालेलं बूचही उपकेंद्रात नापास होऊ शकतं. सुई बोथट असेल, फार जाड असेल किंवा दर वेळी त्याच भोकातून घातली असेल, तर कण पडतात. म्हणून सुई दर वेळी थोड्या वेगळ्या जागी घालायची.

रबराचा दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. १९९८ साली युरोपात एरिथ्रोपोएटिन या रक्तवर्धक औषधाच्या एका ब्रँडमधून मानवी अल्ब्युमिन काढून पॉलिसॉर्बेट ८० घातलं गेलं. हेतू चांगला होता, मानवी रक्तातून येणारा संसर्गाचा धोका टाळायचा होता. त्यानंतर किडनीच्या काही रुग्णांमध्ये विपरीत गोष्ट दिसू लागली: शरीर औषधाविरुद्धच अँटिबॉडी तयार करत होतं, आणि त्या अँटिबॉडी रुग्णाच्या स्वतःच्या एरिथ्रोपोएटिनलाही निकामी करत होत्या. तांबड्या पेशी बनणंच थांबायचं. संशयितांपैकी एक होतं भरलेल्या सिरिंजमधलं रबर. पॉलिसॉर्बेट साबणासारखं वागतं, त्याने रबरातली रसायनं औषधात ओढून आणली असावीत असा कयास होता. बूच लेपाचं केलं, औषध देण्याचा मार्ग बदलला, आणि रुग्ण कमी झाले. एकच कारण म्हणून सगळ्यांचं एकमत झालं नाही. सिलिकॉन तेलाचे थेंब, साठवणूक हेही चर्चेत होते. तरी धडा लख्ख आहे. औषधाची कृती एका ओळीने बदलली तरी बूच नव्याने तपासावं लागतं.

काचेचंही असंच. लसीसाठी बोरोसिलिकेट काच घेतात, कारण तिच्यातून क्षार कमी सुटतात. व्हायल नळीपासून बनते. नळीचं टोक ज्वाळेत हजार अंशांच्या वर तापवून तळ बांधतात. त्या तापात काचेतलं सोडियम आणि बोरॉन वाफ होऊन उडतं आणि तळालगतच्या भिंतीवर परत बसतं. तो पट्टा कमजोर राहतो. औषध अल्कधर्मी असेल किंवा फॉस्फेट, सायट्रेट घातलेलं असेल, तर काही महिन्यांनी तिथून काचेचे अभ्रकासारखे पातळ पापुद्रे सुटतात. व्हायल उजेडात हळूच गोल फिरवली तर चमचमणारं काहीतरी तरंगताना दिसतं. २०१० मध्ये अमेरिकेत एरिथ्रोपोएटिनच्या बॅचेस याच कारणाने परत बोलावल्या गेल्या. तेव्हा व्हायल चमकदार आहे एवढ्यावर समाधान मानू नये, आत काय चमकतंय ते पाहावं.

गोठवून वाळवलेल्या लसीचं, म्हणजे लायोफिलाइज्ड लसीचं बूच तर बघण्यासारखं असतं. त्याला खाली पाय असतात, मधे फट. व्हायल भरली की बूच अर्धंच बसवतात. लायोफिलायझरच्या फळ्यांवर दोन-तीन दिवस बर्फाची थेट वाफ होत राहते, आणि ती त्या फटीतून निघून जाते. शेवटी फळ्याच खाली येऊन हजारो बुचं एका दमात दाबून बसवतात, माणसाचा हात न लागता. व्हॅक्यूममध्ये बंद केलेल्या व्हायलमध्ये सुई घातली की पाणी आपोआप आत ओढलं जातं. ते ओढलं गेलं नाही, तर बूच कुठेतरी सैल होतं अशी शंका घ्यायला हवी.

आणि फार थंडीचं काय? ब्युटिल रबर उणे ६५ अंशांच्या आसपास आपलं रबरपण सोडतं, काचेसारखं कडक होतं. काच आणि रबर वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. उणे ७० ला ठेवायच्या एमआरएनए लसींमध्ये मोठी चिंता ही होती की त्या थंडीत बूच क्षणभर ढिलं पडेल, बाहेरची थंड हवा किंवा ड्राय आइसचा कार्बन डायऑक्साइड आत शिरेल, आणि व्हायल परत गरम झाली की रबर मिटून तो वायू आतच कोंडला जाईल. मग सुई घातली की दट्ट्या आपोआप मागे येतो. कार्बन डायऑक्साइड विरघळला तर औषध आम्लधर्मी होतं ते वेगळंच. कोविडच्या काळात फायझरच्या खोक्यात एका ट्रेमध्ये १९५ व्हायल आणि भोवती ड्राय आइस असायचा. पुण्याच्या जेनोवा कंपनीने आपली एमआरएनए लस वाळवून २ ते ८ अंशांवर आणली, यामागचं शहाणपण आपल्या उन्हाळ्यात राहणाऱ्याला पटकन कळेल. ड्राय आइस तालुक्याच्या गावी दर पाच दिवसांनी कोण पुरवणार?

आता बर्फाकडे. आपल्याकडची सगळ्यात घट्ट समजूत ही की लस जितकी थंड तितकी चांगली. उन्हात तापलेली व्हायल पाहून कुणीही हळहळतं, गोठलेली पाहून मात्र 'मस्त थंड आहे' म्हणतं. पण पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, टीडी, पीसीव्ही (न्यूमोकॉकसची लस) यांना गोठणं उन्हाइतकंच वाईट. यांत ॲल्युमिनियमच्या क्षाराचे सूक्ष्म कण असतात आणि लसीचा मुख्य भाग त्यांना चिकटलेला असतो. गोठताना बर्फाचे स्फटिक त्या कणांना एकमेकांवर रेटतात, त्यांच्या गाठी होतात, आणि वितळल्यावर त्या सुटत नाहीत. लस तशीच पांढुरकी दिसते, बाळाला तशीच टोचली जाते, संरक्षण मात्र अपुरं मिळतं. आईला हे कधीच कळत नाही.

हे कुठे घडतं? बऱ्याचदा निळ्या व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये. त्यात चार आइसपॅक असतात आणि १६ ते २० व्हायल मावतात. डीप फ्रीझरमधून आत्ताच काढलेला आइसपॅक उणे २० च्या आसपास असतो. तो तसाच कॅरिअरमध्ये घातला आणि व्हायल त्याला टेकली, की ती थोड्याच वेळात गोठते. म्हणून कंडिशनिंग. आइसपॅक बाहेर टेबलावर ठेवायचे, एकमेकांना न चिकटवता. पृष्ठभागावर पाण्याचे थेंब येतात. मग कानाजवळ नेऊन हलवायचा. आत बर्फाच्या बाजूला पाणी डुचमळल्याचा आवाज आला की तो शून्याला पोचला. मग बाहेरून कोरडा पुसून आत. लसीकरणाचं सत्र सकाळी नऊला, गाडी सातला, आणि आइसपॅक अजून मुके. घाईत हीच पायरी गळते. आरोग्य सेविकेला दोष देण्याआधी विचारायला हवं की डबा असा का केला ज्यात एक आवाज ऐकायला विसरलं की लस मरते? आता आइसपॅक आणि लस यांच्यामध्ये जादा अस्तर असलेले कॅरिअर निघाले आहेत, त्यात फ्रीझरमधून काढलेला पॅक सरळ घातला तरी चालतो. मला वाटतं खरं डिझाइन हेच, ज्याला लक्षात ठेवायची गरज लागत नाही.

आइसपॅकच्या वर दोन खळगे असतात. सत्राच्या ठिकाणी पोलिओची आणि मिसळलेल्या बीसीजी, गोवर-रुबेलाची व्हायल त्यात उभी करतात. पेंटा किंवा टीडीची तिथे कधीही ठेवायची नाही. आयएलआरमध्येही, म्हणजे लसींच्या खास फ्रिजमध्येही तेच: गोठल्यावर बिघडणाऱ्या लसी टोपलीत वर, तळाला टेकू द्यायच्या नाहीत.

शंका आली तर शेक टेस्ट. त्याच कंपनीची, त्याच बॅचची एक व्हायल मुद्दाम पूर्ण गोठवून वितळवायची. मग ती आणि संशयित व्हायल एकाच हातात धरून जोरात हलवायच्या, शेजारी-शेजारी ठेवून अर्धा तासभर बघत राहायचं. गोठलेलीत गाळ भराभर बसतो, वर स्वच्छ पाणी दिसू लागतं. संशयित व्हायलचा गाळ तिच्याइतक्या वेगाने बसला, तर टाकायची. हळू बसला, तर वापरायची. इंजेक्शनच्या पोलिओ लसीत ॲल्युमिनियम नसतं, म्हणून तिला ही चाचणी लागू होत नाही.

उष्णतेसाठी मात्र व्हायलवरच एक डोळा असतो, व्हीव्हीएम, म्हणजे व्हॅक्सिन व्हायल मॉनिटर. जांभळट वर्तुळात एक फिकट चौकोन. उष्णता लागेल तसा चौकोन गडद होत जातो, आणि तो परत कधीच फिकट होत नाही. चौकोन वर्तुळाच्या रंगाला आला की लस बाद. १९९६ मध्ये तोंडावाटे द्यायच्या पोलिओ लसीवर तो पहिल्यांदा आला. त्याचे प्रकार लसीच्या नाजूकपणाप्रमाणे: ३७ अंशांवर पोलिओच्या लसीचा दोन दिवसांत संपतो, टणक लसींचा सात, चौदा किंवा तीस दिवसांत. तो कुठे चिकटवला आहे यालाही अर्थ आहे. लेबलवर असेल तर उघडल्यावरही व्हायल ठेवता येते. टोपीवर किंवा गळ्याशी असेल तर ती उघडताच तो फेकला जातो, म्हणजे काही तासांत, त्याच सत्रात संपवायची. एकही अक्षर न वाचता कळणारी ही सूचना. पण व्हीव्हीएम फक्त ऊन सांगतो. गोठून निकामी झालेल्या व्हायलवर चौकोन अगदी कोरा दिसेल.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आफ्रिकेसाठी केलेल्या मेनिंजायटिसच्या लसीने याच मापनावर एक पाऊल पुढे टाकलं. २०१२ मध्ये तिला शेवटच्या टप्प्यात ४० अंशांपर्यंत चार दिवस बर्फाविना राहायची परवानगी मिळाली. बर्फ वाहून न्यायचं ओझं गेलं, आणि गोठण्याची भीतीही. १२ जानेवारी २०२१ च्या पहाटे सीरमच्या मांजरी इथल्या कारखान्यातून कोविशील्डचे जे तीन ट्रक पूजा करून निघाले, त्यांत ४७८ खोकी होती, प्रत्येक ३२ किलोचं. त्या दिवशी सगळ्यांनी ट्रक पाहिले. खोक्याच्या भिंतीची जाडी कुणी मोजली नसेल, पण देशाने त्या दिवशी भरवसा ठेवला तो तिच्यावरही.

काही चुका थंडी-उन्हाच्या नसतात, नजरेच्या असतात. सप्टेंबर २०१४ मध्ये सीरियातल्या इदलिब भागात गोवराच्या लसीत पाण्याऐवजी ॲट्राक्युरियम हे स्नायू शिथिल करणारं औषध मिसळलं गेलं आणि १५ मुलं गेली. २०१८ मध्ये सामोआत दोन बाळांच्या बाबतीत असंच झालं. दोन्ही कुप्या दिसायला सारख्या. ३१ जानेवारी २०२१ ला आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पाच वर्षांखालच्या १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हातावर लावायचं सॅनिटायझर पाजलं गेलं, सुदैवाने मुलं बरी झाली. निलंबन, कारवाई हे सगळं होतं, व्हायलाही हवं. पण डायल्युएंट, म्हणजे लसीत मिसळायचं पाणी, त्याच कंपनीचं, त्याच खोक्यात, लसीशी जोडीने बांधलेलंच आलं, तर चुकायला जागाच कमी उरते. टोपीच्या रंगाला सगळ्या कंपन्यांमध्ये एक ठरलेला अर्थ नाही, हे मला आजही खटकतं.

घरोघरी असलेलं एक जैविक औषध म्हणजे इन्शुलिन, आणि तिथली चूक रोजची आहे. आपल्याकडच्या १० मिलीच्या व्हायलमध्ये बहुधा मिलीला ४० युनिट असतात, त्यासाठी लाल टोपीची सिरिंज. पेनमधल्या ३ मिलीच्या काडतुसात मिलीला १०० युनिट, आणि १०० च्या सिरिंजची टोपी केशरी. पेन बिघडला म्हणून काडतुसातलं इन्शुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत ओढलं, तर अर्धा मिली जातं, म्हणजे २० च्या जागी ५० युनिट. माणूस बेशुद्ध पडू शकतो. दुकानातून सिरिंज घेताना टोपीचा रंग सांगूनच मागा. न उघडलेल्या व्हायल फ्रिजच्या मधल्या फळीवर, दारात नको, बर्फाच्या कप्प्यालगत तर नकोच. गोठलेलं इन्शुलिन वितळल्यावर चांगलं दिसलं तरी टाकायचं.

सत्र संपल्यावर कॅरिअर परत येतो. उरलेल्या ज्या व्हायल पुन्हा चालतात, त्यांच्या लेबलवर उघडल्याची तारीख आणि वेळ लिहायची, मग त्या आयएलआरमध्ये वेगळ्या डब्यात, पुढच्या वेळी आधी वापरायला. ही तारीख लिहिणं सोपं नसतं. लेबल बोटाच्या पेराएवढं, त्यावर बारीक इंग्रजी छापील मजकूर, वरून गुळगुळीत चकाकी, आणि थंड काचेवर दव. बॉलपेन घसरतो, शाई पसरते, '७' चा '१' वाटतो. लेबल छापणाऱ्यांनी एका कडेला अर्ध्या सेंटिमीटरची कोरी, खरखरीत पट्टी सोडली, तर सिस्टरला ती व्हायल पदराच्या कोपऱ्याने पुसून, टेबलाला टेकवून, श्वास रोखून लिहावं लागणार नाही.